दहा वर्षं कैद, पंचवीस वर्षं गप्प

आधी हिशोब मांडते. आयशा ओदे १ मार्च १९६९ ला पकडली गेली. १४ मार्च १९७९ ला सुटली. तिचं तुरुंगावरचं पहिलं पुस्तक छापून आलं २००४ साली. म्हणजे आत दहा वर्षं, आणि आतलं कागदावर यायला बाहेरची पंचवीस. ही पंचवीस वर्षं कुठं गेली? जेलरनं तोंड दाबलं म्हणावं तर ती सुटलेली होती. लिहिता येत नव्हतं म्हणावं तर बाई शाळेत शिकवणारी. मग तिच्या तोंडावर हात कुणाचा होता?

हा सवाल डोक्यात शिरला आणि मी वाचत सुटले. अरबी मला येत नाही. इंग्रजीतून जे आलंय ते डिक्शनरी उशाशी घेऊन वाचलं. भाषांतरं, साक्षी, मुलाखती, आणि नहला अब्दो ह्या पॅलेस्टिनी बाईनं माजी कैदी बायांशी बोलून २०१४ मध्ये काढलेलं पुस्तक. जे हाताला लागलं ते इथं ठेवते आहे. आणि एक. ह्या बायांना मी 'ती' म्हणणार, 'त्या' नाही. आईला आपण 'ती'च म्हणतो.

आयशा १९४४ ची. रामल्लाजवळचं देर जरीर हे तिचं गाव. ती चार वर्षांची असताना इस्राएल उभं राहिलं आणि सात लाखांवर पॅलेस्टिनी माणसं घरादाराला मुकली. देर जरीर तेव्हा वाचलं, जॉर्डनच्या राज्यात गेलं. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या लढाईत तेही गेलं. वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गाझा, सगळं इस्राएली फौजेच्या टाचेखाली आलं. आयशा सशस्त्र चळवळीत शिरली.

२१ फेब्रुवारी १९६९ ला जेरुसलेममधल्या एका सुपरमार्केटात बॉम्ब फुटला. दोन तरुण विद्यार्थी मेले. हे मी गाळणार नाही. ती पोरंही कुणाच्या तरी पोटची होती. आपल्या बाजूची म्हणून बाई उचलायची आणि तिच्या वाटेतली मढी झाकायची, असला इतिहास मला लिहायचा नाही. आयशानंही आपण त्या कामात होतो हे लपवलं नाही. त्या खटल्यात रस्मिया ओदे ही दुसरी तरुणी होती. दोघींना जन्मठेप झाली. रस्मियाचं म्हणणं आजतागायत असं की माझा कबुलीजबाब छळून काढलेला आहे. मला पुढचं बोलायचंय. बॉम्बचा हिशोब वेगळा आणि पकडून आणलेल्या बाईच्या शरीराशी काय केलं त्याचा हिशोब वेगळा. पहिला पुढं करून दुसरा बुडवायचा, ही जगातल्या समद्या पोलीस ठाण्यांची जुनी चाल आहे.

दोघींना नेलं मस्कोबियात. म्हणजे जेरुसलेममधलं रशियन कंपाउंड. एकोणिसाव्या शतकात रशियातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी बांधलेली ती जागा. आपल्या भाषेत धर्मशाळा. इंग्रज आले, त्यांनी तिथं पोलीस आणि तुरुंग बसवला. इंग्रज गेले, इस्राएलनं तेच चालू ठेवलं. इंग्रजांनी मागं ठेवलेली आणखी एक वस्तू इस्राएलनं जपून ठेवली, ती म्हणजे १९४५ चे आणीबाणीचे नियम. खटला नाही, आरोपपत्र नाही, पुरावा गुप्त, सहा महिने आत, मग पुन्हा सहा महिने. ज्यांना मिसा आठवतो त्यांना हे समजावून सांगायला नको.

मस्कोबियात काय झालं ते आयशानं लिहिलंय. मारहाण लिहिलीय, उघडं करणं लिहिलंय, आणि त्यापुढचा लैंगिक छळही लिहिलाय, कुठंही पदर न ओढता. ते मी इथं फोडून सांगत नाही. ते तिच्याच तोंडून ऐकायचं असतं, माझ्या नाही. पण ती पानं वाचताना एक समजलं. चौकशी करणाऱ्यांना नुसती माहिती नको होती. त्यांना हे ठाऊक होतं की ह्या बाईला इथं जे करू ते ती बाहेर कुणाला सांगू शकणार नाही. तिची माणसंच तिला सांगू देणार नाहीत. गप्प बसणं हा त्या छळाचाच भाग होता. मार थांबला तरी तो भाग चालू राहतो. दहा वर्षं, वीस वर्षं, कितीही.

अरबीत दोन शब्द आहेत, कानाला जवळजवळ सारखे. 'अर्द' म्हणजे जमीन. 'इर्द' म्हणजे अब्रू, आणि अब्रू म्हटली की ती बाईचीच. ९ एप्रिल १९४८ ला देर यासीन गावात शंभरावर माणसं कापली गेली. ती बातमी गावोगाव गेली, बायकांवर हात पडतील ह्या धास्तीनं कित्येक घरं उठली. अब्रू वाचवायला जमीन सोडली. पुढच्या पिढीला ह्याची लाज वाटली आणि चळवळीत घोषणा आली : आधी अर्द, मग इर्द. अब्रूच्या आधी जमीन. ऐकायला क्रांतिकारक आहे. बापाला पोरीला मोर्च्यात सोडायला बळ देणारी आहे. ठीक. पण बघा, गणित मांडणारा पुरुषच राहिला. बाईच्या शरीरात घराण्याची इज्जत ठेवलेली आहे हे तसंच राहिलं, फक्त आता ती पणाला लावायची परवानगी मिळाली. चौकशीवाल्यानं तेच गणित उलट्या बाजूनं सोडवलं. पोरीला धरलं की बाप मोडतो. रस्मियाच्या साक्षीत तिचा बाप तिच्यासमोर आणला गेल्याचं येतं. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि उठून पाणी प्यायले.

१९७९ ला सुटका झाली ती अदलाबदलीत. एका इस्राएली सैनिकाच्या बदल्यात ७६ कैदी. सुटून आयशा घरी गेली नाही, तिला देशाबाहेर काढलं. ती गावी परतली १९९४ ला, ऑस्लो करारानंतर. म्हणजे सुटल्यावरही पंधरा वर्षं गाव नाही. रस्मियानं त्याच १९७९ साली जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढं उभं राहून तोंड उघडलं. इस्राएल सरकारचं उत्तर असायचं की हा प्रचार आहे, ह्या बाया खोटं बोलतात. मग १९८७ आलं. इस्राएलनंच नेमलेल्या लांडाऊ आयोगानं लिहून दिलं की गुप्त पोलीस १९७१ पासून सोळा वर्षं कोर्टात शपथेवर खोटं बोलत आलेत, कबुलीजबाब कसे काढले त्याबद्दल. खोटं कोण बोलत होतं ते त्यांच्याच आयोगाच्या कागदावर आलं. आणि त्याच आयोगानं वर काय म्हणावं? चौकशीत 'माफक शारीरिक दबाव' चालेल! माफक! हा शब्द मला फार दिवस चावत राहिला. मोजायला फूटपट्टी कुणाच्या हातात होती? १९९९ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं त्यातल्या काही पद्धती बेकायदा ठरवल्या. आयशाचं अंग ज्या खोलीत मोजलं गेलं त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती.

आता कुणी म्हणेल, पण बायांनी आधीही लिहिलंय. लिहिलंय. रेमोंडा तवीलचं 'माय होम, माय प्रिझन' हे पुस्तक १९८० च्या आसपासच इंग्रजीत आलं. १९७६ मध्ये तिला रामल्लात घरातच कैद केलं होतं. पुस्तकाच्या नावातच मेख आहे : घर हाच तुरुंग, फौजेनं केलेला आणि त्याआधी रूढीनं केलेला. धीट पुस्तक आहे. पण रेमोंडा वरच्या वर्गातली, कॉन्व्हेंटात शिकलेली, परदेशी पत्रकार तिच्या दिवाणखान्यात बसायचे. देर जरीरच्या पोरीचा आवाज त्या दिवाणखान्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. कोण आधी लिहितं आणि कोण नंतर, ह्यातही वर्ग असतो. आपल्याला हे नवीन नाही.

आणि जिनं काहीच लिहिलं नाही तिचं काय? फातिमा बर्नावी. १९६७ चा कब्जा झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जेरुसलेमच्या झायन थिएटरात बॉम्ब ठेवल्याबद्दल पकडली गेलेली. तो फुटला नाही. कब्जानंतरच्या बाई कैद्यांत पहिलं नाव तिचं घेतात. बाप नायजेरियाच्या बाजूचा, म्हणून रंगानं काळी. १९७७ ला सुटली, पुढं पॅलेस्टिनी पोलिसांत बायांच्या दलाची प्रमुख झाली, २०२२ मध्ये कैरोत वारली. पोस्टरवर ती आहे. यादीत पहिली आहे. तिच्या हातचं पुस्तक मी शोधत होते.

तुरुंगातल्या रोजच्या दिवसांकडं येते, कारण ह्या लिखाणाचा जीव तिथं आहे. रामले गावचा नेवे तिर्झा हा बायांचा तुरुंग. १९८३ मध्ये तिथल्या राजबंदी बायांनी जेलरांसाठी स्वैपाक करायला साफ नकार दिला. पुरुष कैदी असते तर त्यांच्या हातात काय दिलं असतं कोण जाणे, पण बाई कैदी म्हटल्यावर हातात पळी आली. वसाहतीचा शत्रू, बंदूकवाली अतिरेकी, जन्मठेपेची कैदी, काहीही असो, शेवटी चुलीपुढंच. बायांनी पळी खाली ठेवली. संप लांबत लांबत महिन्यांवर गेला. माझ्या मते तुरुंगाच्या इतिहासात ही गोष्ट उपोषणांच्या बरोबरीनं सांगायला पाहिजे.

दुसरी गोष्ट १९९५-९७ ची. ऑस्लोच्या दुसऱ्या करारात सगळ्या बाई कैद्यांना सोडायचं ठरलं. सोडायच्या वेळी इस्राएलनं काही जणींची नावं गाळली. बाकीच्या म्हणाल्या, मग आम्हीबी जात नाही. दार उघडं, घरी पोरंबाळं वाट बघतायत, आणि बाया कोठडीत आतून अडून बसल्या. सोळा महिने! फेब्रुवारी १९९७ मध्ये सगळ्या एकदम बाहेर आल्या. ही वाचताना वाटलं, ह्यावर भद्र लेखक कादंबरी लिहितील तर शेवटी वाद्यं वाजवतील. पण त्या सोळा महिन्यांत कुणाचं पोर बाहेर चालायला लागलं असेल, कुणाची आई आजारी पडली असेल, कुणाला आतल्या आत 'आपण चुकलो' असंही वाटलं असेल. ते कोण लिहिणार? जी बसली तीच.

इथं लिखाणाच्या जातीचा प्रश्न येतो. इंग्रजीत ह्या लेखनाला जे म्हणतात त्याचा अर्थ असा : मजकूर खरा, घडलेला, पण सांगायची रीत कथेची. मराठीत ह्याला काय म्हणावं? ललित म्हटलं की आपल्याकडं पाऊस, पारिजातक आणि आरामखुर्ची. ते नको. आत्मचरित्र म्हटलं की म्हातारपणी हार घालून बसलेला माणूस. आपण 'स्वकथन' म्हणायला लागलो ते उगीच नाही. हे त्याच्याच जवळचं आहे.

हैफा झंगना ही इराकी लेखिका. १९७० च्या सुरुवातीला बाथ पक्षाच्या राजवटीत बगदादच्या तुरुंगात छळ सोसलेली, पुढं लंडनला गेलेली. स्वतःचं तुरुंगाचं पुस्तक काढायला तिलाही जवळपास वीस वर्षं लागली. तिनं पुढं रामल्लात सुटून आलेल्या पॅलेस्टिनी बायांना जमवलं आणि लिहायला बसवलं. त्यातून २०१७ मध्ये अरबीत एक पुस्तक निघालं, नंतर इंग्रजीतही आलं. नावाचा अर्थ साधारण असा : सायराची मेजवानी, पॅलेस्टिनी बाया जीवन लिहितात. सायरा म्हणजे बंडखोर बाई.

मला ह्या प्रयोगात मोठी वाटली ती एकच गोष्ट. ह्या बायांना बोलायची सवय होती. सभेत, कॅमेऱ्यापुढं, वकिलापुढं त्या वर्षानुवर्षं बोलल्या होत्या. पण ते 'आम्ही' होतं. आम्ही झुकलो नाही, आम्ही लढलो. चळवळीला तेच पाहिजे असतं. वकिलाला तारखा पाहिजेत, संस्थेला आकडे पाहिजेत, पत्रकाराला जखम पाहिजे. 'मी' कुणालाच नको असते. त्या 'मी'ला आतल्या सखीचा राग येतो, चहाची तलफ येते, पाळी येते तेव्हा कापड मागायला लागतं. आणि ती घरी येते तेव्हा घर तिला ओळखत नाही. विचारायला कुणीतरी पाहिजे, तेही स्वतः आत जाऊन आलेलं. जी आत गेलेली नाही तिला त्या उत्तर देतील, पण तेच, पाठ झालेलं.

माझी मावशी डिसेंबर १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात जेलात गेली होती. दादासाहेब गायकवाडांची हाक आली, अख्खी वस्ती उठली, कडेवरच्या पोरासकट बाया आत गेल्या. मावशी ते सांगायची तेव्हा 'आम्ही'च सांगायची. आम्ही गेलो, आम्ही घोषणा दिल्या, साहेब आले. मी एकदा विचारलं, मावशे, तुला आत कसं वाटलं गं? ती बघत राहिली. मग म्हणाली, भाकर कच्ची असायची. एवढंच. मी पुढं विचारलं नाही, मला वाटलं एवढंच असेल. आता ती नाही. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं' नवऱ्याच्या धाकानं वीसेक वर्षं घरात लपवून ठेवलं होतं, हे मी खूप उशिरा वाचलं.

कागद हा बायांच्याच काय, सगळ्याच पॅलेस्टिनी कैद्यांच्या इतिहासातला मोठा विषय आहे. वही आणि पेन कुणी दानात दिलेलं नाही. १९७० च्या अश्कलोन तुरुंगातल्या उपोषणात लिहायच्या सामानाची मागणी होती, आणि त्या उपोषणात अब्दुल कादिर अबू अल-फहम हा कैदी जबरदस्तीनं अन्न घालताना मेला. आतलं बाहेर न्यायची रीत अशी : पातळ कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचं, गुंडाळायचं, प्लास्टिकमध्ये सील करायचं आणि सुटणाऱ्या नाहीतर भेटीला जाणाऱ्या कैद्यानं ते गिळायचं. ह्याला म्हणतात कब्सूला, कॅप्सूल. शब्द पोटातून न्यायचे. साहित्याचं सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी ह्यावर एक तास घ्यावा.

आणि शब्दाची भीती सरकारलाही असते. दारीन तातूर, नाझरेथजवळच्या रेनेह गावची, इस्राएलचीच नागरिक. एक कविता इंटरनेटवर टाकली म्हणून ऑक्टोबर २०१५ मध्ये पहाटे घरातून उचलली. आधी तुरुंग, मग पायात इलेक्ट्रॉनिक कडं घालून घरकैद, फोन नाही, इंटरनेट नाही. खटल्यात कवितेचं हिब्रू भाषांतर कुणी केलं? एका पोलिसानं! भाषांतर हा त्याचा धंदाच नव्हता. भांडण अडलं 'शहीद' ह्या शब्दावर. पॅलेस्टिनी माणूस गोळी लागून मेलेल्या शाळकरी पोरालाही शहीद म्हणतो. पोलिसाच्या कानाला त्यात फक्त हल्लेखोर ऐकू आला. २०१८ मध्ये तिला पाच महिन्यांची शिक्षा झाली, २०१९ मध्ये वरच्या कोर्टानं कवितेपुरता गुन्हा रद्द केला. तोवर तिची तुरुंग आणि घरकैद भोगून झाली होती. पुढं तिनं तिच्या तुरुंगाच्या दिवसांवर पुस्तक केलं. तिला पंचवीस वर्षं थांबावं लागलं नाही. तिच्या आधी आयशा लिहून गेली होती, हे त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं.

खालिदा जर्रारची गोष्ट अजून चालूच आहे. पॅलेस्टिनी विधिमंडळाची माजी सदस्य, डाव्या पॉप्युलर फ्रंटची पुढारी. २०१५, २०१७, २०१९, २०२३, अशी पुन्हापुन्हा आत. त्यातली २०१७ ची कैद वीस महिन्यांची, खटल्याशिवाय. ती आत गेली की शाळा सुरू व्हायची. कमी वयाच्या पोरींना तिनं बारावीच्या परीक्षेला बसवलं. सोळाव्या वर्षी पकडलेली अहद तमीमी त्यातलीच, जिचं पुस्तक २०२२ मध्ये आलं. खालिदानं आतून लिहिलं, पत्रं बाहेर पाठवली, २०२० च्या एका पॅलेस्टिनी साहित्य संमेलनातही तिचं पत्र वाचलं गेलं. पुढच्या वर्षी जुलैत तिची तरणीताठी लेक वारली. मातीला जाऊ दिलं नाही. आईनं निरोप लिहून पाठवला.

बाया आता दामूनमध्ये असतात, हैफाजवळ कार्मेल डोंगरावर. इंग्रजांच्या काळातलं तंबाखूचं गोदाम ते. ऑक्टोबर २०२३ नंतर कैद्यांच्या कोठड्यांतून पुस्तकं, रेडिओ, कपडे काढून घेतले गेले, घरच्यांच्या भेटी बंद झाल्या. पन्नास वर्षांत उपाशी राहून मिळवलेलं काही दिवसांत गेलं. खालिदाला ऑगस्ट २०२४ मध्ये नेवे तिर्झाच्या एकट्या कोठडीत टाकलं. तिथून कागद आला नाही. वकिलाकडून निरोप आला : कोठडीत हवा नाही, दाराच्या खालच्या फटीशी बसते, श्वास घ्यायला. जानेवारी २०२५ मध्ये अदलाबदलीत सुटली तेव्हा तिचे फोटो आले. केस पांढरेफटक झाले होते आणि दोन्हीकडून बाया तिला धरून चालवत होत्या.